वाढत्या नगरीचा जमाखर्च

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, रहिवाशाला आपल्या शहराविषयी काय वाटते असे विचारले असता तो सहसा एका दमात दोन उत्तरे देतो. पहिल्या उत्तरात अभिमान असतो. मराठवाड्यात नोकरी मिळेल असे मोठे शहर हेच, कारखाने येथे, विद्यापीठ येथे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे, आणि आता समृद्धी महामार्गामुळे मुंबई व नागपूर दोन्ही जवळ आलेली. दुसऱ्या उत्तरात त्रागा असतो. नळाला पाणी कितव्या दिवशी येते, रस्ता कितव्यांदा खोदला, कर भरून पदरात काय पडते, याची ती यादी असते. बाहेरून आलेल्या निरीक्षकाला ही दोन उत्तरे परस्परविरोधी वाटतात. शहरावर एवढा राग असेल तर माणसे येथे येतात कशाला, आणि एवढा अभिमान असेल तर रागावतात कशाला, असा त्याचा प्रश्न असतो.

वस्तुतः या दोन उत्तरांत विसंगती मुळीच नाही. शहराच्या वाढीचे उत्पन्न व्यक्तींच्या आणि कंपन्यांच्या खात्यांवर जमा होत गेले. त्या वाढीचा खर्च मात्र सार्वजनिक खात्यावर नावे पडत गेला आणि तेथेच थकला. सामान्य रहिवासी ही दोन्ही खाती रोज पाहतो. म्हणून त्याचे समाधान खरे आणि असमाधानही तितकेच खरे. प्रश्न एवढाच की, थकलेल्या खात्याची बाकी भागवायची कोणी? या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून शहराच्या पुढील वाढीची जी चित्रे रंगविली जातात, ती अपुरीच राहणार.

चाळीस वर्षांत आठपट

मलिक अंबराने १६१० च्या सुमारास वसविलेली खडकी पुढे औरंगजेबाच्या काळात दख्खनची राजधानी झाली, आणि नंतर दीर्घकाळ निजामाच्या राज्यातील एक मागे पडलेले शहर म्हणून राहिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला तेव्हा येथे आधुनिक उद्योग नावालाच होता. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे महाविद्यालय उभे केले, १९५८ साली विद्यापीठ आले, आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर चिकलठाण्याची वसाहत आकाराला आली. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांचे जाळे विणले गेले. पुढे मोटारी, औषधे, मद्यनिर्मिती, विद्युत उपकरणे असे अनेक उद्योग आले. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याचा भाग म्हणून शेंद्रा आणि बिडकीन येथे सुमारे दहा हजार एकरांवर ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी उभी राहत आहे.

या घडामोडींचे प्रतिबिंब जनगणनेत स्पष्ट दिसते. १९७१ साली शहराची लोकसंख्या सुमारे दीड लाख होती. १९९१ साली ती पावणेसहा लाखांच्या घरात गेली, २००१ साली पावणेनऊ लाख आणि २०११ साली पावणेबारा लाख झाली. म्हणजे चाळीस वर्षांत जवळजवळ आठपट. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. तथापि शहर पंधरा लाखांच्या पुढे गेले असावे असाच सार्वत्रिक अंदाज आहे. ही वाढ केवळ जन्मदराने झालेली नाही. बीड, जालना, परभणी, बुलढाणा या जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतीवर ज्यांचे भागेना, ती माणसे येथे आली. त्यांच्या दृष्टीने हे शहर म्हणजे ऊसतोडीच्या फडाला आणि मुंबईच्या झोपडपट्टीला मिळालेला पर्याय होता. शहरावर टीका करताना त्याचे हे ऋण विसरून चालणार नाही.

वाढीतून संपत्तीही निर्माण झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातील उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकाच व्यवहारात १५० मर्सिडीझ गाड्या खरेदी केल्या, आणि त्याची बातमी देशभर झाली. एक मध्यम आकाराचे, मागास विभागातील म्हणून ओळखले जाणारे शहर एवढी क्रयशक्ती दाखवू शकते, याचे तेव्हा सर्वांना कौतुक वाटले. ते कौतुक अनाठायी नव्हते. परंतु त्या गाड्या ज्या रस्त्यांवरून धावणार होत्या, त्या रस्त्यांसाठी दीडशे माणसे एकत्र आली असती तर ती बातमी अधिक मोठी ठरली असती. खासगी सुबत्ता आणि सार्वजनिक दैन्य एकमेकांच्या शेजारी कसे नांदतात, याचे विवेचन गालब्रेथ यांनी १९५८ साली अमेरिकेसंदर्भात केले होते. अमेरिकेत ते श्रीमंतीच्या शिखरावर घडले; आपल्याकडे ते वाटेवरच घडले, एवढाच फरक.

तहानेचे अर्थशास्त्र

सार्वजनिक खात्यावरील सर्वांत मोठी थकबाकी पाण्याची आहे. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठणला जायकवाडीचे धरण आहे. १९७६ साली त्याचे लोकार्पण झाले. शंभर टीएमसीहून अधिक एकूण क्षमतेचा हा जलाशय राज्यातील मोठ्या जलाशयांपैकी एक. तो भरलेला असताही शहराच्या नळांना गेल्या दशकात चार-पाच दिवसांनी, आणि उन्हाळ्यात कित्येकदा सात-आठ दिवसांनी पाणी आले. पाऊस कमी पडला किंवा वरच्या धरणांतून पाणी सुटले नाही, ही कारणे दुष्काळी वर्षांत खरी असतात. काठोकाठ भरलेल्या नाथसागराच्या शेजारी तहानलेले शहर असेल, तर दोष निसर्गाचा म्हणता येणार नाही.

हिशेब साधा आहे. माणशी दररोज १३५ लिटर हे शहरी पुरवठ्याचे प्रमाण धरले, तर २०११ च्या लोकसंख्येलाच दिवसाला सुमारे १५९ दशलक्ष लिटर पाणी घरात पोहोचावे लागते. गळती धरल्यास त्याहून अधिक लागते. सत्तरीच्या दशकातील एक आणि नव्वदीच्या सुरुवातीची दुसरी, अशा दोन जुन्या जलवाहिन्यांच्या बळावर एवढे पाणी येणे शक्यच नव्हते. शिवाय पैठणहून शहरापर्यंत पाणी शंभर मीटरांहून अधिक उंच चढवावे लागते. म्हणजे प्रत्येक लिटरमागे विजेचे बिल आहे. सतराव्या शतकात मलिक अंबराने बांधलेल्या नहरीने डोंगराकडचे पाणी केवळ उताराच्या आधाराने शहरात आणले होते. आजच्या शहराला ती सोय नाही. त्याला पाणी हवे असेल तर ते उपसण्याची किंमत दर महिन्याला मोजावी लागेल.

पुरवठा अपुरा आहे एवढ्याने चित्र पूर्ण होत नाही. तो खंडित आहे, आणि खंडित पुरवठ्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. समजा, पाच माणसांच्या कुटुंबाला रोज ६७५ लिटर पाणी लागते. पाणी पाचव्या दिवशी येणार असेल तर त्याला ३,३७५ लिटर साठवावे लागेल. आठव्या दिवशी येणार असेल तर ५,४०० लिटर. ज्याच्या बंगल्याखाली हौद आहे, गच्चीवर टाकी आहे आणि मध्ये विजेचा पंप आहे, त्याला ही साठवण जड नाही. पाण्याचा दिवस कोणता हेही त्याला ठाऊक नसते. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने काय करावे? दोनशे लिटरचा एक ड्रम धरला, तरी पाच दिवसांसाठी सतरा ड्रम लागतील. तेवढी जागा असती तर त्याने त्या जागेत माणसेच राहावयास आणली असती. म्हणजे महापालिकेने दोघांना अगदी समसमान पाणी सोडले, तरी प्रत्यक्षात ते समान मिळत नाही. साठवणुकीसाठी भांडवल लागते, जागा लागते. आणि ज्याच्याजवळ ती नाही त्याच्या वाट्याला तेवढे पाणी कमी येते. खंडित पुरवठा हा अशा रीतीने गरिबावर बसणारा, कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारा कर आहे.

याच कराचा दुसरा हप्ता वेळेच्या रूपाने वसूल होतो. पाणी येण्याच्या दिवशी घरातील एका माणसाला, आणि ते माणूस बहुधा स्त्रीच असते, घरी थांबावे लागते. लाइनमन व्हॉल्व्ह केव्हा फिरवील ते सांगता येत नाही. पहाटे तीनला आले तर तीनला उठावयाचे. रजा पडते, पाळी चुकते, मुलीची शाळा बुडते. तिसरा हप्ता रोखीचा. टँकर, पाण्याचे जार, दरवर्षी अधिक खोल जाणारी बोअर, यांवर होणारा खर्च घरोघरी वेगळा असेल. पण तो नाही असे घर विरळा.

एका शहरातील अनेक शहरे

‘शहरवासीयांचे मत’ असे आपण म्हणतो, तेव्हा एका मताची कल्पना करतो. प्रत्यक्षात एकाच नावाखाली येथे चार-पाच शहरे नांदतात, आणि प्रत्येकाचे मत आपापल्या जागी रास्त आहे.

दरवाज्यांच्या आतील जुन्या शहरातील रहिवाशाला वाटते की वाढ त्याला वळसा घालून गेली. त्याच्या गल्लीतील जलवाहिन्या जुन्या, त्याचा धंदा रुंद रस्त्यांकडे सरकलेला, आणि पर्यटनाचे उत्पन्न वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर हॉटेलांत वाटले गेलेले. सत्तरीच्या दशकापासून वसलेल्या सिडको-हडकोतील शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी यांचे म्हणणे वेगळे. त्यांनी नियोजित वसाहतीत हप्त्याने घर घेतले, कर नियमाने भरला, आणि २००६ मध्ये सिडकोची वसाहत महापालिकेकडे सोपविल्यानंतर सेवा घसरत गेल्याचे त्यांनी पाहिले. नियम पाळणाराच येथे फसतो, ही त्यांची भावना आहे. आणि कोणत्याही शहराच्या दृष्टीने ती अत्यंत धोक्याची होय.

शंभराहून अधिक गुंठेवारी वसाहतींत राहणाऱ्यांची व्यथा आणखी निराळी. त्यांनी बॉण्ड पेपरवर गुंठा-दीड गुंठा जागा घेतली, कारण परवडण्याजोगी कायदेशीर जागा त्यांना कोणी दिलीच नाही. कारखान्यांना कामगार हवे होते. कामगारांना घरे हवी असतील याचा विचार नियोजनात नव्हता. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि पुढे २०२१ मधील दुरुस्तीने त्यांना नियमित होण्याची वाट मिळाली, पण त्यासाठी शुल्क भरावयाचे आणि रस्ता, नाली, नळ यांची वाट पाहावयाची. वाळूज परिसरातील तीन पाळ्यांत काम करणारा कामगार तर शहराच्या हद्दीतही नाही. आणि विद्यार्थी? मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या, खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना हे शहर मोठे वाटते. येथेच वाढलेल्या अभियंत्यांना ते लहान वाटते आणि ते पुण्याची वाट धरतात.

या सगळ्या मतांत एक धागा समान आहे. वाढ नको असे कोणीच म्हणत नाही. वाढीतील आपला वाटा आपल्या दारापर्यंत आला नाही, असे प्रत्येक जण म्हणतो.

हद्दीबाहेरची संपत्ती

असे का व्हावे? महापालिकेची अकार्यक्षमता हे सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर. ते खोटे नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी कचरा टाकू देण्यास नकार दिला, तेव्हा महिनोन् महिने शहराचा कचरा रस्त्यांवर पडून होता. वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला प्रश्न एका सकाळी दारात येऊन उभा राहतो, याचा तो धडा होता. समांतर जलवाहिनीचे काम २०१४ मध्ये खासगी कंपनीकडे सोपविले गेले आणि २०१६ मध्ये तो करार रद्द झाला. नंतरची नवी योजना १,६८० कोटी रुपयांची होती. डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले. खर्च २,७४० कोटींवर गेला, आणि ठरलेल्या तीन वर्षांत काम पुरे झाले नाही. विलंबाचे व्याज एक हजार कोटींहून अधिक झाले, असा याचा अर्थ.

परंतु अकार्यक्षमतेच्या मुळाशी रचनेचा एक दोष आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. या शहराची संपत्ती बऱ्याच अंशी त्याच्या हद्दीबाहेर निर्माण होते. वाळूज, शेंद्रा, बिडकीन या वसाहती महापालिकेच्या क्षेत्रात नाहीत. औद्योगिक महामंडळाची पाणीयोजना स्वतंत्र आहे. त्याच जायकवाडीतून कारखान्यांना नियमित पाणी मिळते. हे चूक आहे असे नव्हे. पाण्यावाचून कारखाना चालत नाही आणि कारखान्यावाचून शहर चालत नाही. पण त्या कारखान्यांतील व्यवस्थापक, अभियंते, लिपिक आणि हजारो कामगार शहराच्या हद्दीत राहतात. त्यांचे पाणी, सांडपाणी, कचरा, रस्ते, शाळा यांचा भार महापालिकेवर पडतो. मिळकत एका हद्दीत आणि बोजा दुसऱ्या हद्दीत, अशी ही वाटणी झाली आहे. एकाच धरणातून निघालेल्या दोन वाहिन्यांपैकी एक रोज वाहते आणि दुसरी आठवड्याने, याचे कारण अभियांत्रिकीत शोधण्यापेक्षा या वाटणीत शोधलेले बरे.

हद्दीच्या आत उत्पन्नाची जी साधने होती, तीही एकेक करून गेली. जकात गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि महापालिका शासनाच्या भरपाईवर विसंबू लागली. जकात हा वाईट कर होता; नाक्यांवरील रांगा आणि गैरव्यवहार सर्वांना ठाऊक होते. मात्र तिच्यात एक गुण होता. शहराचा व्यापार वाढला की शहराची तिजोरी आपोआप वाढत असे. आता शहर कितीही वाढले तरी वाढीव उत्पन्न वरून मिळणाऱ्या अनुदानाच्या सूत्रावर ठरते. उरला मालमत्ता कर. त्याच्या कक्षेत न आलेली, किंवा जुन्याच दराने आकारलेली घरे असंख्य, आणि वसुलीसाठी कठोर व्हावे तर मते दुरावण्याची भीती. अशा स्थितीत नव्या जलयोजनेतील आपला हिस्साही महापालिकेला स्वबळावर उभा करता येईना, यात नवल ते काय?

तक्रार की पळवाट?

दोष केवळ शासनावर आणि रचनेवर टाकून नागरिकांना मोकळे होता येणार नाही. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक मार्मिक भेद दाखवून दिला. एखादी संस्था घसरू लागली की तिच्या सभासदांपुढे दोन वाटा असतात: आवाज उठवून ती सुधारावयाची, किंवा मुकाट्याने बाहेर पडावयाचे. ज्यांचा आवाज सर्वांत प्रभावी ठरला असता, असे सुस्थितीतील लोकच आधी बाहेर पडले, तर मागे उरलेल्यांचा आवाज ऐकण्याची संस्थेला गरज उरत नाही.

संभाजीनगरात हेच घडले आहे. येथे बाहेर पडण्यासाठी शहर सोडावे लागत नाही. घराखाली बोअर घेतली, सोसायटीने टँकर लावला, स्वयंपाकघरात शुद्धीकरणाचे यंत्र बसविले, की माणूस आपल्याच घरात राहून सार्वजनिक पाणीपुरवठ्यातून बाहेर पडतो. सार्वजनिक शाळा, रुग्णालय आणि बसगाडी यांतून तो त्यापूर्वीच बाहेर पडलेला असतो. मग महापालिकेचे अंदाजपत्रक त्याला वाचावेसे वाटत नाही, प्रभागाच्या बैठकीस जावेसे वाटत नाही. पाण्यासाठीच्या मोर्चात हंडे घेऊन चालणाऱ्या स्त्रियांना रस्ता मिळावा म्हणून तो गाडी थांबवितो, एवढाच त्याचा सहभाग.

राजकारणानेही याला हातभार लावला. १९८२ साली महापालिका स्थापन झाली आणि १९८८ साली तिची पहिली निवडणूक झाली. तेव्हापासून शहराच्या नावाचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक निवडणुकीवर छाया टाकून राहिला. २०२३ मध्ये नाव बदलले. त्याविषयी कोणाचे मत काहीही असो. नळाचे वेळापत्रक त्याने एका दिवसानेही बदलले नाही, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी मान्य करावी अशी आहे. ज्या वस्तीत जो समाज राहतो, त्याच्या भावनेला हात घालणे उमेदवाराला स्वस्त पडते. त्याच वस्तीत जलकुंभ बांधणे महाग पडते. मतदार पहिल्यावर संतुष्ट होत असेल, तर दुसरे कोण करील?

एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. शहराच्या इतिहासातील सर्वांत मोठी योजना राबविली जात असता नागरिकांचा एकही निवडलेला प्रतिनिधी सभागृहात नव्हता. योजनेच्या प्रगतीवर लक्ष ठेवण्याचे काम जनहित याचिकेच्या निमित्ताने उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला करावे लागले. न्यायालयाने ते केले हे उपकारच. पण जे प्रश्न सभागृहात विचारावयाचे ते न्यायासनापुढे विचारावे लागावेत, हे सुदृढ नागरी जीवनाचे लक्षण नव्हे.

पाणीपट्टी कमी केली म्हणजे?

लोकांचा राग वाढला की त्यावर उपाय कोणता योजला जातो, याचे एक उदाहरण बोलके आहे. येथे घरगुती पाणीपट्टी वर्षाला सरसकट ४,०५० रुपये होती. आठवड्याने येणाऱ्या पाण्यासाठी ती अन्यायकारक आहे, अशी ओरड झाली आणि ती रास्तही होती. २०२२ मध्ये पट्टी निम्मी करून २,०२५ रुपये करण्यात आली. म्हणजे दिवसाला सुमारे साडेपाच रुपये. वीस लिटरच्या एका जारला याहून अधिक पैसे पडतात.

तक्रार पाणी न मिळण्याची होती. सवलत न मिळालेल्या पाण्याच्या किमतीत दिली गेली. दोन्ही पक्ष तात्पुरते सुटले, आणि पाणीपुरवठा विभागाची तूट तेवढी वाढली. त्यातही बंगल्यातील हौदवाला आणि गुंठेवारीतील ड्रमवाला या दोघांना सारखीच सवलत मिळाली. नागरिक खरोखरी पैसे द्यावयास तयार नाहीत काय? टँकरचालकाचे, जारवाल्याचे आणि बोअर खोदणाऱ्याचे उत्पन्न पाहिले तर असे म्हणता येणार नाही. पैसे द्यावयास लोक तयार आहेत. महापालिकेवर त्यांचा विश्वास नाही, आणि तो नसावा असेच तिचे वर्तन राहिले आहे.

नव्या जलवाहिनीचा खरा प्रश्न येथेच आहे. २,५०० मिलिमीटर व्यासाची ती प्रचंड वाहिनी पूर्ण क्षमतेने वाहू लागेल तेव्हा उपशाच्या विजेचे बिल, शुद्धीकरणाचा खर्च, शेकडो किलोमीटर अंतर्गत वाहिन्यांची देखभाल, हे सारे दरमहा भागवावे लागेल. भांडवली खर्च केंद्र व राज्य शासन देऊ शकते. विजेचे बिल दरवर्षी कोणी देणार नाही. पूर्वीच्या योजनांप्रमाणे हीही देखभालीवाचून खिळखिळी झाली, तर वीस वर्षांनी पुन्हा असेच भूमिपूजन करावे लागेल, आणि तोवर शहराची लोकसंख्या कोठे गेली असेल याचा अंदाज करणे कठीण नाही.

हिशेब मांडण्याची वेळ

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे क्रम ठीक लावणे. आधी नियमित पाणी, नंतर मोजणी, आणि मगच दरवाढ, हा क्रम उलटा झाला तर नागरिक मीटर बसवू देणार नाहीत. प्रत्येक घरास जगण्यापुरते पाणी अल्प दरात, आणि त्यापुढील वापराला चढा दर, ही पद्धत सरसकट पट्टीपेक्षा अधिक न्याय्य होय. प्रभागनिहाय किती पाणी सोडले, किती पट्टी आली आणि दुरुस्तीवर किती गेले, याचे पत्रक दर महिन्याला प्रसिद्ध व्हावे. एका पानात मावेल एवढाच हा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट हद्दीची. शहर आणि त्याच्या औद्योगिक वसाहती ही एकच अर्थव्यवस्था आहे, हे मान्य करून वसाहतींतील करउत्पन्नाचा निश्चित हिस्सा कामगारांची वस्ती जेथे आहे तेथील सेवांसाठी राखून ठेवला पाहिजे. महानगर प्रदेशासाठी विकास प्राधिकरण स्थापन झालेले आहे. केवळ आराखडे आणि परवानग्या यांपुरते ते न राहता, पाणी आणि घरे या दोन विषयांत शहर, वसाहती व भोवतालच्या ग्रामपंचायती यांना एका हिशेबात आणण्याचे काम त्याने करावे. नवे कारखाने येणार असे करार होतात, तेव्हा किती हजार कोटींची गुंतवणूक एवढेच सांगितले जाते. त्या कामगारांची किती घरे, कोठे आणि कोणत्या पाण्यावर, हेही त्याच करारात लिहिले गेले तर उद्याची गुंठेवारी आज टळेल.

तिसरी गोष्ट नागरिकांच्या हातची आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली, ती कागदावरच राहिली आहे. तिला जिवंत करावयाचे तर वाचता-लिहिता येणारा, अंदाजपत्रक समजणारा वर्ग पुढे आला पाहिजे. गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि १९४५ व १९५२ साली ती दोन भागांत प्रसिद्ध झाली. वाढत्या शहरात कोण कसा राहतो, काय कमावतो, कोठे जातो, हे घरोघर जाऊन विचारण्याचा तो प्रयत्न होता. संभाजीनगरच्या महाविद्यालयांतून अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि भूगोल शिकणारे विद्यार्थी संख्येने थोडे नाहीत. त्यांच्याकरवी विद्यापीठाने दर पाच वर्षांनी अशी पाहणी केली, आणि पाणी, घर, प्रवास, कर यांविषयी प्रत्येक वस्तीचे म्हणणे आकड्यांत मांडले, तर ‘लोक नुसती ओरड करतात’ असे म्हणण्याची सोय कोणाला राहणार नाही. अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून कोठल्या तरी पुस्तकातून उतरवून काढण्यापेक्षा हे काम विद्यार्थ्यांनाही अधिक शिकवील.

संभाजीनगरचा प्रश्न एकट्या संभाजीनगरचा नाही. महानगरांतील गर्दीवर उतारा म्हणून मध्यम शहरांकडे बोट दाखविले जाते. नवे महामार्ग, नव्या वसाहती त्यांच्या दिशेने वळविल्या जातात. धोरण योग्यच आहे. पण जमीन, वीज आणि रस्ता दिला की कारखाना येतो. माणसाला शहरात टिकण्यासाठी याहून अधिक लागते. ते देण्याची शक्ती ज्या संस्थेत असावयास हवी ती निर्धन, निर्नायक आणि अविश्वासपात्र राहिली, तर मध्यम शहरे महानगरांची दुखणी तेवढी उचलतील, त्यांचे बळ त्यांना मिळणार नाही. येथील रहिवाशांचा अभिमान अजून शाबूत आहे. त्यांचा त्रागा हाही आपुलकीचाच एक प्रकार आहे. ज्याने शहर मनातून टाकून दिले तो तक्रार करीत नाही. ही आपुलकी आटण्यापूर्वी सार्वजनिक खात्याची बाकी चुकती होण्यास आरंभ झाला पाहिजे.